कौलारू छपराला डॉर्मर: आधी रुंदी ठरवा, मग रूप

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईतल्या गोराई गावठाणात मंगलोरी कौलांचं जुनं घर आहे. रुंदी २० फूट, आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा) उत्तर-दक्षिण, एक पाखं (छपराची उतरती बाजू) पूर्वेला आणि एक पश्चिमेला समुद्राच्या बाजूला. माळ्याच्या जमिनीपासून कडेची भिंत २ फूट वर आहे. माळ्यावर मुलांसाठी राहती जागा करायची आहे आणि त्यासाठी पश्चिमेच्या पाख्यातून १० फूट रुंद, एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेला, डॉर्मर काढावा असं मनात आहे. सोबत बाहेरदेशातल्या घरांचे फोटो आहेत.

डॉर्मर म्हणजे उतरत्या छपरातून उभी बाहेर काढलेली खिडकी, तिच्या दोन बाजूंच्या तिकोनी भिंती आणि वरचं छोटं छप्पर. फोटोतली घरं बर्फाच्या प्रदेशातली आहेत. त्यांची छपरं ४५ अंशांची किंवा त्याहून उभी असतात आणि वर सपाट स्लेट किंवा डांबरी शिंगल्स असतात. आपल्याकडे उतार कमी, कौल खाचेचं आणि पाऊस आडवा. त्यामुळे फोटो बाजूला ठेवा आणि घराचा उभा छेद कागदावर काढा. रूप त्या छेदातूनच ठरतं.

आधी उतार मोजा. माळ्यावर वाशाच्या खालच्या अंगाला लेव्हल पट्टी आडवी धरा, १२ इंचांवर खूण करा आणि तिथून वाशापर्यंतचं उभं अंतर घ्या. ७ इंच आलं तर उतार ३० अंश, साधारण साडेआठ इंच आलं तर ३५, आणि १२ इंच आलं तर ४५. गावठाणातल्या जुन्या घरांत बहुधा ३० ते ३५ मिळतं. पुढचा हिशेब ३५ धरून केला आहे. तुमचा उतार वेगळा निघाला तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

अर्धी रुंदी १० फूट, म्हणून भिंतीपासून आढ्यापर्यंत चढ ७ फूट. त्यात कडेची २ फूट भिंत मिळवली की आढं आतून ९ फुटांवर येतं. साडेसहा फुटांची उंची कुठे मिळते? भिंतीपासून जवळजवळ साडेसहा फूट आत गेल्यावर. म्हणजे २० फुटी माळ्यात ताठ उभं राहून चालता येईल असा पट्टा मधला जेमतेम ७ फुटांचा. डॉर्मर घ्यायचा तो हा पट्टा वाढवायला. नुसता उजेडच हवा असेल तर दोन-चार काचेची कौलं बसवा आणि दक्षिणोत्तर टोकांच्या तिकोनी भिंतींत खिडक्या काढा. खर्च किरकोळ आणि छपराला भोक नाही. बऱ्याच घरांचं काम एवढ्यावर भागतं, पण ते कंत्राटदार सहसा सुचवत नाही.

आता तुमचा एकपाखी डॉर्मर. खिडकीचा माथा ६ फूट ८ इंचांवर, वरची पट्टी धरून डॉर्मरचं छप्पर पुढच्या बाजूला ७ फुटांवर सुरू होणार. तिथून ते आढ्याला म्हणजे ९ फुटांना जाऊन मिळणार. १० फुटांत २ फूट चढ, म्हणजे उतार फक्त ११ अंश. मंगलोरी कौल २६ अंशांच्या खाली घालायचं नसतं आणि मुंबईच्या पावसात ३० च्या खाली घालू नये. ११ अंशांवर कौलाच्या खाचेतलं पाणी वाऱ्याने उलटं वर चढतं आणि कौलामागच्या गाठीवरून थेट रिपेवर, म्हणजे कौलाखालच्या आडव्या पट्टीवर, पडतं. मग तिथे कौलं निघतात आणि पत्रा येतो. घराच्या समुद्राकडच्या तोंडावर १० फूट पत्र्याचं कपाळ दिसतं आणि पावसात त्याखाली बोलणं ऐकू येत नाही. हेच घर ४५ अंशांचं असतं तर आढं १२ फुटांवर गेलं असतं, एकपाखी डॉर्मरला साडेसव्वीस अंश मिळाले असते आणि काठावर का होईना, कौल चाललं असतं. ते फोटो तसल्या घरांचे आहेत.

दुपाखी डॉर्मर, म्हणजे पुढे तिकोन आणि दोन बाजूंना उतार, इथे बसतो, पण रुंदीच्या बंधनात. त्याच्या छपराला घराचाच उतार द्या, म्हणजे कौल तेच चालतं आणि डोळ्यालाही खटकत नाही. बाहेरून ४ फूट रुंद ठेवला तर अर्धी रुंदी २ फूट, चढ १.४ फूट, म्हणजे त्याचं छोटं आढं ८ फूट ५ इंचांवर येतं, मोठ्या आढ्याच्या ७ इंच खाली. रुंदी ६ फूट केली की तेच आढं ९ फूट १ इंचावर जातं, म्हणजे घराच्या आढ्याच्या वर डोकं काढतं. जोड कुठे द्यायचा हा प्रश्न मग सुटतच नाही. पावणेपाच फुटांपर्यंत ओढाताण करता येते, पण आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौलं, बसवायला जागा उरत नाही. तुमच्या घराला बाहेरून ४ फूट हीच बरोबर रुंदी. आतून ३ फूट ४ इंच मिळतात, ३ फुटी चौकट बसते आणि उभं राहता येईल अशी साधारण २१ चौरस फूट जागा वाढते. अभ्यासाचं टेबल आणि खुर्ची आरामात मावते. १० फुटांचा एक काढण्यापेक्षा असे दोन काढा.

उतार ३० अंशांचाच निघाला तर आढं पावणेआठ फुटांवर येईल आणि या हिशेबात डॉर्मरला जागाच राहत नाही. अशा घरात तो नाद सोडा.

तिपाखी डॉर्मरला पुढचा तिकोनही उतरता असतो. वाऱ्याला भिडणारी भिंत कमी, म्हणून वादळी बाजूला तो बरा. सुताराचं काम मात्र वाढतं, कारण पुढच्या दोन कोपऱ्यांवर कौलं तिरकी कापावी लागतात. भुवईसारखा वळणदार डॉर्मर मंगलोरी कौलात होत नाही. हे कौल एकमेकांत अडकून बसतं, वळण घेत नाही. सपाट स्लॅबचा डॉर्मर आणि छपरात आत कापून केलेली गच्ची, हे दोन्ही प्रकार इथे पाण्याचं पातेलं होतात. ते विचारातही घेऊ नका.

आता जागा. मुंबईत जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो आणि पाऊस त्याच्यासोबत आडवा येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस रोज येत नसला तरी तासाला १०० मिलिमीटर ही सर नवलाईची नाही. तेवढ्या सरीत छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर तासाला १०० लिटर पाणी पडतं. समुद्रासमोरच्या पश्चिम पाख्यावर ते पाणी डॉर्मरच्या चौकटीवर फवाऱ्यासारखं मारलं जातं. शिवाय एप्रिल-मेच्या दुपारी तीननंतरचं ऊन नेमकं त्या काचेतून आत येतं. म्हणून दोन्ही डॉर्मर पूर्वेच्या पाख्यात घ्या. सकाळचा उजेड मिळेल, दुपारी सावली राहील. मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसाची वादळं पूर्वेकडून येतात हे खरं, पण ती मोजकी असतात.

वाऱ्याचं काय, हा पुढचा प्रश्न असणारच. दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेचं पाखं आडोशाला असतं आणि तिथे हवा बाहेर ओढली जाते. वारा खालच्या मजल्याच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून आणि जिन्याच्या चौकातून वर येऊ द्या आणि पूर्वेच्या डॉर्मरमधून बाहेर जाऊ द्या. आढ्याखाली साचलेली गरम हवा त्याच वाटेने निघते. पश्चिमेला समुद्र दिसलाच पाहिजे असा घरच्यांचा हट्ट असेल, तर एकच, तिपाखी, बाहेरून ३ फुटांचा डॉर्मर काढा आणि त्याला उघडणारं एकच तावदान ठेवा.

उत्तर-दक्षिण पाखी असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट. मुंबईत सूर्य मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. पण तेव्हा तो इतका उंच असतो की फूटभर पुढे आलेली पागोळी, म्हणजे छपराची खालची कड, काच झाकते. उत्तरेचा डॉर्मर इथे सगळ्यात सुखाचा. दक्षिणेला डिसेंबरच्या दुपारी सूर्य साधारण ४७ अंशांवर असतो आणि ऊन खोलवर येतं. हिवाळ्यात ते चालतं.

पाख्यावर किती खाली किंवा वर? पुढची चौकट थेट बाहेरच्या भिंतीच्या माथ्यावर उभी करा. वासा, रीप आणि कौल मिळून सुमारे ८ इंच जाडी, त्यावर पाणी अडवायला ६ इंच उंची, म्हणजे खिडकीची बैठक ३ फूट २ इंचांवर येते. खुर्चीवर बसून बाहेर दिसतं. तीच चौकट १ फूट आत सरकवली की बैठक ३ फूट १० इंच होते, ३ फूट सरकवली की ५ फुटांच्या वर जाते. दिसायला किंचित आत घेतलेला डॉर्मर शोभतो, हे मान्य. पण जुन्या घरात वजन सरळ भिंतीवर उतरणं जास्त मोलाचं. एक मात्र पाहा: डॉर्मरखालची पागोळी तोडायची नाही. वासे खालून पुढे जात राहिले पाहिजेत आणि वळचण सलग राहिली पाहिजे. ती तोडली की दोन्ही पाख्यांचं पाणी त्या फटीच्या दोन कडांवर एकवटतं आणि खालची भिंत ओल धरते.

आडव्या दिशेत खालच्या मजल्याच्या खिडक्यांच्या मध्यरेषा वर न्या आणि डॉर्मर त्याच रेषेवर ठेवा. घराच्या टोकापासून किमान ३ फूट आत, आणि दोन डॉर्मरमध्ये किमान ४ फूट. त्याहून कमी ठेवलं तर मधे माणूस बसून कौलं चाळू शकत नाही आणि आंब्या-नारळाचा कचरा तिथेच कुजतो. डॉर्मरची दर्शनी बाजू जवळजवळ सगळी खिडकीच असावी. चौकटीच्या बाजूला ६ इंचांपेक्षा जास्त भिंत दिसली की तो ओबडधोबड दिसतो. बिघडलेल्या डॉर्मरमध्ये ही चूक सर्रास दिसते: भला मोठा खोका आणि त्यात न्हाणीघराची वाटावी अशी खिडकी.

लाकडाकडे वळू. ४ फुटांत मधले एक किंवा दोन वासे कापावे लागतील. कापण्याआधी भोकाच्या दोन्ही कडांचे वासे दुहेरी करायचे, म्हणजे जुन्या वाशाला त्याच मापाचा नवा सागवानी वासा पूर्ण लांबीभर, भिंतीपासून आढ्यापर्यंत, दर फुटाला बोल्टने आवळायचा. मग वर आडवा दुहेरी तुकडा घालून कापलेल्या वाशांची टोकं त्यात अडकवायची. खिळ्यांवर भागवू नये, लोखंडी कोन वापरावा. वाशांना मधे आधार देणारी आडवी तुळई किंवा कैचीचा कुठलाही भाग कापायचा नाही. तो वाटेत येत असेल तर डॉर्मर सरकवा. जुने वासे भिंतीत टेकतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर वाळवीने किंवा ओलीने काम केलेलं आहे, आणि तो वासा आधी बदलायचा.

बाजूच्या तिकोनी भिंती विटांच्या करू नका. गवंडी सहज म्हणतो, "साडेचार इंची वीट रचून टाकू." हिशेब असा: प्रत्येक तिकोन सुमारे १३ चौरस फुटांचा. गिलावा धरून अर्ध्या विटेची भिंत जवळजवळ पावणेतीनशे-तीनशे किलो होते, आणि ते वजन उतरत्या वाशावर बसतं. वासा वाकतो, वीट चिरते, चिरेतून पाणी. लाकडी सांगाडा आणि आतबाहेर ८ मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड घातला तर तीच भिंत ५० किलोच्या आसपास राहते. बोर्डाच्या बाहेर उभ्या पट्ट्या मारून त्यावर लाकडी फळ्या किंवा दुसरा बोर्ड लावला तर आडव्या पावसाला दुसरा पडदा मिळतो.

आता गळतीचं खरं ठिकाण. ४ फुटी डॉर्मरला प्रत्येक बाजूला भिंत आणि कौल यांचा सांधा साडेसात फुटांचा येतो, आणि त्याच्या वर व्हॅली, म्हणजे दोन पाखी मिळतात ती घळ, सव्वातीन फुटांची. लोकांचं सगळं लक्ष व्हॅलीकडे असतं, गळतो मात्र बाजूचा लांब सांधा. रूढ पद्धत म्हणजे तिथे सिमेंटचा गोळा भरणं. कौल तापतं, लाकूड फुगतं-आक्रसतं, सिमेंट जागचं हलत नाही. मग पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडते आणि जूनमध्ये भिंतीवर पिवळा ओघळ. वरून रसायन लावलं की एक पावसाळा निघतो, एवढंच.

करायचं ते असं. कौलं घालण्यापूर्वी भिंतीच्या कडेने, रिपांवर, पत्र्याची पन्हळ टाकायची: ६ इंच भिंतीवर उभी चढवलेली, ८ इंच कौलांखाली गेलेली, आणि तिची आतली कड पाऊण इंच उलटी दुमडलेली, म्हणजे पाणी आत सरकत नाही. कौल या पन्हळीवर येतं आणि भिंतीपासून दीड-दोन इंच सुटं ठेवायचं. भिंतीचा बाहेरचा बोर्ड पत्र्याच्या उभ्या भागावरून खाली येतो, आणि कौलापासून इंचभर वर थांबतो. पन्हळ खाली मोठ्या पाख्याच्या कौलांवर बाहेर काढायची. ती खिडकीखालच्या कोपऱ्यात कौलांखालीच संपवली की सगळं पाणी माळ्यात. हा कोपरा सुताराकडून स्वतः उभं राहून करून घ्या. खिडकीखाली वेगळी पट्टी लागते: ६ इंच बैठकीखाली वर, ८ इंच कौलांवर, आणि कौलाच्या वळणात ठोकून बसवलेली.

व्हॅलीचा पत्रा किमान २० इंच रुंद घ्या, मधे इंचभर उंच घडी मारा. ती नसली तर एका पाख्याचं जोरात आलेलं पाणी समोरच्या कौलांखाली घुसतं. दोन बाजूंच्या कौलांमध्ये ५ इंच उघडी वाट ठेवा. लक्षात असू द्या, दोन्ही पाखी ३५ अंशांची असली तरी व्हॅलीचा स्वतःचा उतार २६ अंशच असतो, म्हणून कचरा तिथे आधी थांबतो. कापलेल्या कौलांची गाठ जाते आणि ती घसरतात. प्रत्येक तुकड्याला भोक पाडून तांब्याच्या तारेने रिपेला बांधा, मात्र खालचा पत्रा अॅल्युमिनिअमचा असेल तर तार स्टेनलेसची घ्या. तांबं आणि अॅल्युमिनिअम खाऱ्या हवेत एकत्र आले की अॅल्युमिनिअम खाल्लं जातं. ओलं सिमेंटही अॅल्युमिनिअमला खातं. साधा जस्ती पत्रा समुद्राजवळ लवकर गंजतो. परवडत असेल तर शिशाचा पत्रा उत्तम, कारण कौलाच्या वळणावर तो हाताने बसतो. नाहीतर रंगाचं आवरण असलेला अॅल्युमिनिअम, ०.७ मिलिमीटरच्या खाली नाही. स्क्रू ३१६ दर्जाचे स्टेनलेस.

कौलं ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण दीडशे धरा, तूटफूट जमेला. नवी आणण्याआधी जुनं कौल उलटं करून मागचा छाप पाहा. बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूरला कारखाना काढल्यानंतर तिथे अनेक कारखाने झाले, आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. दोन छापांची कौलं एकाच ओळीत बसत नाहीत. भोकातून निघालेली जुनी कौलं जपून ठेवा आणि डॉर्मरवर तीच वापरा. नवी, वेगळ्या छापाची, मागच्या पाख्यावर पूर्ण ओळी करून घाला.

खिडकी सरकती नको. तिच्या खालच्या खोबणीत पाणी साचतं आणि वाऱ्याच्या झोताने आत उडतं. वर बिजागरी असलेलं, बाहेर उघडणारं तावदान घ्या. पाऊस चालू असतानाही ते वीतभर उघडं राहतं. बैठकीला बाहेर उतार आणि खालच्या अंगाला पाव इंचाची खाच, म्हणजे थेंब भिंतीवर न ओघळता तिथेच सुटतो. डॉर्मरचं छप्पर पुढे किमान १ फूट काढा. छताला आतून फळ्या किंवा बोर्ड लावणार असाल तर रिपांखाली इंचभर हवेची फट आणि चमकता पडदा, आणि त्याखाली ५० मिलिमीटरचा फोम बोर्ड घाला. नाहीतर मे महिन्यात मुलं खालीच झोपायला येतील.

परवानगीचं आधी बघा, नंतर नाही. छपराचा आकार बदलणं ही दुरुस्ती धरली जात नाही, आणि माळ्याची खोली केली की चटईक्षेत्राचा प्रश्न येतो. गोराईला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामाचा नियमही लागू शकतो. खोताची वाडीसारख्या वारसा परिसरात रस्त्याकडच्या पाख्याला हात लावणं आणखी अवघड, तिथे मागचं पाखं धरा. परवानाधारक वास्तुविशारदाकडून महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारून घ्या.

छप्पर उघडायचं ते दिवाळीनंतर. १५ मेपर्यंत शेवटचं कौल बसलंच पाहिजे, कारण त्यानंतर पाण्याची चाचणी घ्यायची आहे. पाइपने पाणी खालून वर मारत जा: आधी खिडकीखालची पट्टी १५ मिनिटं, मग एक बाजू, मग दुसरी, मग व्हॅली, शेवटी आढं. एक माणूस आत विजेरी घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून उतरतं आणि कुठला सांधा गळला ते कळत नाही. ज्या टप्प्याला आत थेंब दिसेल तिथेच थांबा, तेवढीच कौलं उचला आणि पत्रा पुन्हा बसवा. सुतार सिलिकॉनची नळी काढील, ती परत पिशवीत ठेवायला सांगा.